हात पोहोचेल एवढी बाग

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की वारंगा फाट्यावर रस्ता फुटतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोली-वाशीमला जाते, दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळ करत वर्ध्याकडे. भोवती काळी जमीन. सोयाबीन, कापूस, तूर आणि पाण्याची सोय असेल तिथे हळद. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाय धरून ठेवते. शेतकऱ्याच्या लेखी ते सोनं. पण कुबडी घेऊन, कॅलिपर लावून किंवा चाकाच्या खुर्चीत शाळेत येणाऱ्या मुलाला जुलैत या मातीतून दहा पावलंही पुढे जाता येत नाही.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी आवारात परसबागा फुलवल्या. मेथी-पालक पोषण आहाराच्या खिचडीत पडू लागला, ही मोठीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की बागेच्या तासाला वर्गात दप्तरं सांभाळत कोण बसतं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं १६ वं कलम सांगतं, की शाळेची इमारत आणि आवार सुगम असावं, खेळ आणि करमणुकीची संधीही सर्वांना सारखी मिळावी. माझ्या मते बाग या दोन्हींत मोडते. आणि ती कोणाची, हे पहिला वाफा आखायच्या आधीच ठरून जातं.

फाट्यावरून जाणाऱ्या त्या दुसऱ्या वाटेच्या टोकाला, वर्ध्यात, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार नयी तालीम म्हणून पुढे आला. तिथून फार लांब नाही वरोरा. बाबा आमट्यांनी १९४९ साली तिथल्या खडकाळ माळावर कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन सुरू केलं. कुष्ठरोगात बोटं वाकडी होतात, त्याहून घातक म्हणजे संवेदना जाते. अवजाराच्या मुठीने फोड आला तरी दुखत नाही, म्हणून कळत नाही. अशा हातांनी तिथे विहिरी खणल्या आणि शेती पिकवली. पुढे अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळाही तिथेच उभ्या राहिल्या. कीव करून माणसाला कामापासून दूर ठेवायचं नाही, काम त्याच्या हाताजोगं करायचं, हा धडा आपल्या शेजारीच गिरवला गेला आहे.

हाताजोगं म्हणजे नेमकं काय? आधी वाट. वाफ्यापर्यंत मुरूम टाकून, पाणी मारून, धुमस करून निदान १.२ मीटर रुंद रस्ता हवा आणि टोकाला खुर्ची वळवायला दीड मीटरची मोकळी जागा. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. मग वाफा टेबलासारखा उचलायचा. मापं कागदावरून घेऊ नयेत, मुलाला खुर्चीत बसवूनच घ्यावीत; गुडघे वाफ्याखाली गेले पाहिजेत. साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर मोकळी जागा आणि वर १५-२० सेंटिमीटर माती, एवढ्यात मेथी, पालक, कोथिंबीर छान येते. एकाच बाजूने हात पुरत असेल तर रुंदी अर्धा मीटर, दोन्हीकडून पुरत असेल तर एक मीटर. नुसती काळी माती मात्र भरू नका. ओली झाली की ती जड होते, पाणी सोडत नाही आणि मुळं कुजतात. शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी वाळू मिसळा, तळाला भोकं ठेवा. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की पकड कमजोर असलेल्या हातातूनही ते निसटत नाही.

दिसत नसलेल्या मुलासाठी वाटेच्या कडेने कमरेच्या उंचीला दोर बांधावा आणि प्रत्येक वाफ्यापाशी त्याला वेगळी गाठ मारावी. एक गाठ पुदिना, दोन गाठी गवती चहा, तीन ओव्याचं पान. ब्रेल येत असेल तर पाट्याही लावाव्यात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानात १९५५ मध्ये अंधांसाठी सुगंधी बाग झाली, तिथेही झाडं हाताने चाचपून आणि वासाने ओळखायची सोय केली.

हिंगोलीच्या शाळेत मी सगळ्यात आधी हळद लावीन. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे पीक आठ-नऊ महिन्यांचं, म्हणजे जवळजवळ शाळेच्या वर्षाएवढं. जूनमध्ये शाळा उघडली की खोल पोत्यात कंद लावायचे, वार्षिक परीक्षेआधी काढायचे. पान चुरगळलं की वास येतो, सुकलं की हातात कुरकुरतं. पीक काढणीला आलं हे डोळ्यांवाचून कळतं. घरोघरी हळद शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या आईबापांना शाळेत बोलावून शिकवायला सांगता येईल, हे आणखी एक सुख.

काही झाडं मात्र कटाक्षाने टाळावीत. कण्हेर आणि धोत्रा विषारी. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलं आणि देशभर पसरलं. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. तरी स्वच्छता मोहिमेत पोरांना ते उघड्या हातांनी उपटायला लावतात, याचा मला राग येतो. हातमोजे घातलेल्या मोठ्या माणसांनी, फुलोऱ्याआधी ते काढावं.

उरतं पाणी. हात धुण्याच्या नळाखालचं पाणी चर काढून शेवग्याला, कढीपत्त्याला नेता येतं. साबणाचं पाणी पालेभाज्यांना घालू नये. परसबागा मरतात त्या मे महिन्यात, शाळेला कुलूप लागल्यावर. भाजलेलं, रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरून भरून ठेवलं की पाणी झिरपत राहतं आणि रोज फेरी मारावी लागत नाही. खोल पोत्यांत आणि जमिनीवरच्या आळ्यांत हे जमतं, टेबलावरच्या उथळ वाफ्यांत नाही. ते एप्रिलअखेर रिकामे करून पालापाचोळ्याने झाकावेत. मडकी कोण भरणार, हे शाळा व्यवस्थापन समितीने एप्रिलच्याच बैठकीत ठरवून वहीत लिहावं. त्या पाळ्यांमध्ये चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचंही नाव घालावं आणि फाटकाची एक किल्ली त्याच्या घरी ठेवावी.