निन्जा हातोरी : इगाहून मुंबईपर्यंत

मोतोओ आबिको यांची ‘निन्जा हातोरी-कुन’ ही चित्रमालिका जपानमध्ये १९६४ साली सुरू झाली. इगाच्या डोंगरातला छोटा निन्जा हातोरी, केनिची या अभ्यासात कच्च्या मुलाच्या घरी राहतो, त्याच्या अडचणी निस्तरतो. कोगाचा निन्जा केमुमाकी त्यांना आडवा येतो. इगा आणि कोगा हे निन्जांसाठी प्रसिद्ध असलेले खरे प्रदेश. नायकाच्या आडनावाचा हातोरी हान्झो हा शोगुन तोकुगावा इएयासूच्या पदरचा सामुराईही खराच. १९६६ मध्ये कलाकारांना घेऊन दूरचित्रवाणी मालिका निघाली, १९८१ ते १९८७ ॲनिमेशन मालिका चालली, २००४ मध्ये चित्रपट आला. भारतात ‘निक’ वाहिनीवरच्या हिंदी आवाजाने हातोरी पनवेलसारख्या गावांतल्या मुलांचाही झाला. २०१२ च्या नव्या मालिकेत तर मुंबईची रिलायन्स मीडियावर्क्सच सहनिर्माती होती. ‘नारुतो’ या दुसऱ्या निन्जा मालिकेसारख्या रक्तरंजित लढाया इथे नाहीत; विनोदच मोठे शस्त्र.