नियम वाढले, विचाराचा वेळ आटला

इंग्लंडमधल्या बालसंरक्षणाच्या गेल्या पन्नास वर्षांकडे पाहिलं, की एकच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. घरातल्या छळाने एखादं मूल दगावतं, देश हादरतो, चौकशी समिती बसते आणि तिच्या अहवालामागोमाग नवे नियम, नवे तक्ते, नव्या मुदती येतात. १९७३ मध्ये ब्रायटनला सात वर्षांची मारिया कोलवेल सावत्र वडिलांच्या मारहाणीत गेली, तेव्हापासून हे चालत आलं आहे. सुटा नियम घेतला तर तो बहुधा गरजेचाच होता. पण या सगळ्यांच्या भाराखाली समाजकार्यकर्त्यांना स्वतःचा निष्कर्ष पुन्हा तपासून पाहायला लागणारा वेळ आटत गेला. मुलांचा जीव वाचवायला तोच वेळ सर्वांत मोलाचा होता, असं माझं मत आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा व्हिक्टोरिया क्लिंबिये या आठ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात आहे. आयव्हरी कोस्टची ही मुलगी वडिलांच्या आत्याबरोबर लंडनला आली आणि फेब्रुवारी २००० मध्ये छळाने मेली. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीत तिला वाचवता आलं असतं असे बारा प्रसंग निघाले. त्यातली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. आत्यासमोर ही मुलगी ताठ, सावधान उभी राहायची. तिच्या समाजकार्यकर्तीने त्याचा अर्थ लावला तो आफ्रो-कॅरिबियन कुटुंबांतल्या मोठ्यांच्या धाकाचा, आदराचा. मुलगी पश्चिम आफ्रिकेतली होती, आणि आईवडिलांच्या घरी तिला कधीच असं उभं राहावं लागत नव्हतं. ती भीती होती. ही चूक कोणता तक्ता पकडणार? ‘तुला हे कशावरून वाटलं?’ असं शेजारी बसून विचारणारं अनुभवी माणूसच ती पकडू शकलं असतं.

अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी व्यावसायिकाने कामातच स्वतःच्या कामाचा विचार कसा करावा, हे १९८३ मध्येच पुस्तकरूपाने मांडलं होतं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमांनी ते उचललंही. कार्यालयांत मात्र २००३ च्या लॅमिंग अहवालातल्या १०८ शिफारशींनंतर संगणकीय नोंदी आणि मुदतींचा जोर वाढला. २००७ मध्ये, व्हिक्टोरियाचं प्रकरण घडलं त्याच लंडनच्या हॅरिंगे भागात, पीटर नावाचं सतरा महिन्यांचं बाळ घरातल्या छळाने मेलं. आठ महिन्यांत वेगवेगळ्या यंत्रणांच्या माणसांनी त्याला सुमारे साठ वेळा पाहिलं होतं. मग २०११ मध्ये बालसंरक्षणाच्या सरकारी आढाव्यात आयलीन मन्रो यांनी साफ सांगितलं, की यंत्रणा नियमपालनात गुंतली आहे आणि सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे वरिष्ठांबरोबरच्या चर्चेत, प्रकरणाचा विचार मागे पडून कामाची हजेरी तेवढी घेतली जाते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की मूल धोक्यात असताना चिंतन कसलं करता, धावून जा. पण पीटरकडे माणसं जात होती; दिसलेल्याचा अर्थ लावण्यात ती कमी पडली. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आत्मपरीक्षणाचं आत्मसमर्थन व्हायला वेळ लागत नाही. हे खरंच आहे. म्हणूनच एकट्याने डायरी लिहिणं पुरेसं नाही, उलट प्रश्न विचारणारं दुसरं माणूस हवं. समाजकार्याचे अभ्यासक हॅरी फर्ग्युसन यांनी प्रत्यक्ष गृहभेटींना हजर राहून दाखवलं आहे, की घरातला ताण आणि स्वतःची घालमेल इतकी असते की कधीकधी कार्यकर्त्याला त्या क्षणी विचार करताच येत नाही. मला तर यातून भेटीनंतरच्या विचाराची गरज अधिकच पटते.

केलेल्या कामाचा असा विचार महाराष्ट्रालाही परका नाही. समाजकार्य महाविद्यालयांत विद्यार्थी क्षेत्रकार्याचे अहवाल लिहितात आणि पर्यवेक्षक त्यावर त्यांच्याशी बसून चर्चा करतात. तेच विद्यार्थी पुढे बाल संरक्षण कक्षात रुजू झाले, की २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे उभं करायचं असतं, सामाजिक तपासणी अहवाल विहित नमुन्यात भरायचा असतो. मुदत आणि नमुना दोन्ही हवेतच. त्यांच्या जोडीला कामाच्या वेळापत्रकात पंधरवड्यातून एक तास प्रकरणांच्या चर्चेसाठी लेखी राखून ठेवावा, आणि त्या तासात वरिष्ठांनी प्रलंबित फायलींचा हिशेब मागू नये.