फुगा वजन पेलतो तरी कसा?



आनंदमेळ्याची तयारी सुरू झाली की मुलांकडून एक मागणी हमखास येते: "मोठे फुगे आणा, बसून उड्या मारता येतील असे!" कमरेएवढे रबरी फुगे आता भोपाळच्या बाजारातही सहज मिळतात. दुकानदार सांगतात, "मोठा आहे, मोठा माणूस बसला तरी काही होणार नाही." पालक विचारतात, "फुटला तर?" आणि विश्वस्तांचा प्रश्न असतो की जबाबदारी कोणाची? तिन्ही प्रश्नांची उत्तरे विज्ञानाच्या एकाच धड्यात आहेत, म्हणून या अंकात आम्ही तोच विषय घेतला आहे.

वजन हवा उचलते

आपल्याला वाटते की फुग्यावर मूल बसले म्हणजे रबराने त्याला उचलून धरले. वस्तुतः मुख्य काम आतली कोंडलेली हवा करते. रबराचे काम त्या हवेला निसटू न देण्याचे.

आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किती जास्त आहे, हे आपल्या प्रयोगशाळेतही मोजता येते. पारदर्शक नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवावी, तिच्यात रंगीत पाणी भरावे आणि एका टोकाला फुगवलेला फुगा जोडावा. दुसऱ्या बाजूचे पाणी वर चढते. दोन्ही बाजूंच्या पातळीत जितक्या सेंटिमीटरचा फरक, तितके ग्रॅम वजन फुग्यातली हवा दर चौरस सेंटिमीटरला जास्तीचे पेलू शकते. समजा, फरक 20 सेंटिमीटर आला. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 20 ग्रॅम. हे काही फार नव्हे, दोन-चार नाण्यांचे वजन.

मग 30 किलोचे मूल त्यावर कसे बसते? 30 किलो म्हणजे 30,000 ग्रॅम. त्याला 20 ने भागले की 1,500 येतात. याचा अर्थ, फुगा चपटा होत होत त्याचा 1,500 चौरस सेंटिमीटर भाग टेकला की वजन तोलले जाते. हे सुमारे 44 सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ झाले, म्हणजे घरातल्या मोठ्या पराती एवढे. खाली जमिनीलाही फुगा साधारण तेवढाच टेकतो. वरून आलेले वजन हवा खाली जमिनीकडे पोचवते. फुगा दबला म्हणजे तो हरला असे नव्हे. दबून जागा वाढवणे हीच त्याची वजन पेलण्याची रीत आहे.

आता त्याच फुग्यावर 70 किलोचे काका बसले तर 3,500 चौरस सेंटिमीटर जागा हवी, म्हणजे सुमारे 67 सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ. फुगाच मुळी 90 सेंटिमीटरचा असेल तर तो जवळजवळ भाकरीसारखा चपटा होईल आणि कडेचे रबर भलतेच ताणले जाईल. उडी मारल्यावर तर गोष्ट आणखी बिघडते. उडी मारून आदळणारे मूल क्षणभर आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर लावते. शांत बसलेल्या मुलाला सांभाळणारा फुगा त्याच मुलाच्या उडीने फुटतो, तो याच कारणाने.

मोठा म्हणजे मजबूत?

दुकानदाराचे "मोठा आहे म्हणून मजबूत" हे म्हणणे बहुतेकांना पटते. गणित मात्र उलटे सांगते.

गोल फुग्याच्या पातळ आवरणावर पडणारा ताण काढायचे सूत्र सोपे आहे: दाब गुणिले त्रिज्या, भागिले दोन. दाब तोच 20 ग्रॅम धरला, तर 15 सेंटिमीटर त्रिज्येच्या फुग्यात आवरणाच्या प्रत्येक सेंटिमीटरवर 150 ग्रॅमचा ताण येतो. त्रिज्या 45 सेंटिमीटर केली की ताण होतो 450 ग्रॅम. दाब तोच, रबराची जाडीही तीच, पण फुगा तिप्पट मोठा झाल्याने ताण तिप्पट झाला. म्हणजे मोठ्या फुग्याला जाड आवरण हवे, नाहीतर आतला दाब कमी हवा.

सायकलच्या चाकातली हवा दर चौरस सेंटिमीटरला तीन-एक किलोचा दाब देते. टायर बारीक असतो म्हणून त्याचे सुती किंवा नायलॉनचे थर तो ताण सोसतात. तोच दाब 45 सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यात भरला, तर आवरणाच्या प्रत्येक सेंटिमीटरवर 67 किलोचा ताण येईल. पातळ रबर तो क्षणभरही सोसणार नाही.

हैद्राबादचा अजस्र फुगा

ज्यांनी खरोखर प्रचंड फुगे बनवले, त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. हैद्राबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तेथून 2001 साली आणि पुन्हा एप्रिल 2005 मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने एक आगळा प्रयोग झाला. आपल्या मुलांना नारळीकर सर विज्ञानकथांमुळे ठाऊक आहेत. जन्म कोल्हापूरचा, पण बालपण आणि शिक्षण वाराणसीत, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर! 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

फार उंचावरच्या हवेत सूक्ष्मजीव आहेत का, हा त्यांचा प्रश्न होता. 2005 चा फुगा 2 कोटी 67 लाख घनफुटांचा होता. त्याला 459 किलोची उपकरणे टांगली होती आणि 20 ते 41 किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा केले गेले. त्यांतून जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे 2009 मध्ये जाहीर झाले. एकीला आर्यभटाचे, दुसरीला इस्रोचे, तर तिसरीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचे नाव मिळाले.

एवढ्या फुग्याचे आवरण फार जाड असेल असे वाटते ना? अशा फुग्यांचे पॉलिथिन आपल्या केसाहूनही पातळ असते. एवढ्या मोठ्या त्रिज्येत आतला दाब थोडा जरी वाढला, तरी आवरण टरकून फाटेल. म्हणून शास्त्रज्ञांनी दाबच वाढू दिला नाही. जादा वायू बाहेर जावा यासाठी फुग्याला खालच्या बाजूने वाट मोकळी ठेवतात. सोडताना त्यात थोडाच वायू भरतात, त्यामुळे जमिनीवर तो फुग्यापेक्षा लोंबत्या पिशवीसारखा दिसतो. वर हवा विरळ होत जाते, तसतसा वायू पसरून त्याला भरत नेतो. ओझ्याचा भार सांध्यांवरून शेंड्यापर्यंत गेलेल्या मजबूत पट्ट्या वाहतात, आवरणावर तो पडू देत नाहीत.

भोपाळलाही बैरागढ येथून हवामान खात्याचे फुगे सोडतात. ते रबरी आणि तोंड बंद केलेले असतात. वर जाता जाता बाहेरचा दाब कमी होतो, फुगा फुगतच जातो आणि साधारण 30 किलोमीटरच्या आसपास रबराची ताणण्याची हद्द संपून फुटतो. तेथे फुटणे हे ठरलेलेच असते, आणि उपकरण छत्रीने खाली येते.

माणसाचे वजन आणि गरम हवा

फुग्याने माणसालाच वर न्यायचे असेल तर? 26 नोव्हेंबर 2005 रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया, वयाच्या 67 व्या वर्षी, गरम हवेच्या फुग्यातून मुंबईहून निघाले, 21,027 मीटर उंच गेले आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळच्या पांचाळे गावी उतरले. गरम हवेच्या फुग्याचा तो उंचीचा जागतिक विक्रम ठरला.

येथेही आवरण खालून उघडेच असते. बाहेर 30 अंश आणि आत 100 अंश तापमान असेल, तर एक घनमीटर गरम हवा जमिनीजवळ जेमतेम 200 ग्रॅम उचलते. 60 किलोच्या माणसाला उचलण्यासाठी सुमारे 300 घनमीटर हवा लागेल, म्हणजे 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच अशा दालनाएवढी. पाळणा, गॅसच्या टाक्या आणि खुद्द कापडाचे वजन यात धरलेलेच नाही! माणूस वाहून नेणारे फुगे एवढे मोठे का असतात, ते यावरून ध्यानात यावे.

फुगा फुटतो कशाने?

फुगा बहुधा नुसत्या वजनाने फुटत नाही. वजनाने ताणलेल्या रबरावर एखादी बारीक चीर पडते, ती निमिषात धावते आणि फुगा फुटतो. वाळूचा खडा, नख, फ्रॉकची टाचणी, बांगडीची कड, एवढे पुरते. फुग्यावर चिकटपट्टी लावून तिच्यातून टाचणी टोचावी. फुगा फुटत नाही, कारण पट्टी चिरेला पळू देत नाही.

टिकाऊपणाचे वैरी आणखी आहेत. उन्हात आणि हवेतील ओझोनमुळे ताणलेल्या रबराला बारीक भेगा पडतात. डोक्याला लावायचे खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल लागले की रबर फुगते आणि कमजोर होते. भोपाळच्या मे महिन्यात, 42 अंशांत, सकाळी गच्च भरलेला फुगा दुपारी आणखी ताणला जातो. म्हणून काल सुखरूप राहिलेला फुगा आज राहीलच असे नाही.

व्यायामासाठी मिळणारे जाड चेंडू निराळे. ते बहुधा प्लास्टिकच्या जाड थराचे असतात. चांगल्या प्रतीचा चेंडू छेद पडल्यावर एकदम फुटत नाही, हळूहळू बसतो. त्यावर किती किलोपर्यंत बसावे हे छापलेले असते, ते वाचावे.

उड्या मारण्याच्या हवेच्या मोठ्या गाद्यांचा धोका तर निराळाच आहे. 16 डिसेंबर 2021 रोजी ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्यात, डेव्हनपोर्ट येथील एका प्राथमिक शाळेत वर्षअखेरीचा आनंदसोहळा चालू होता. वाऱ्याच्या झोताने तशी गादी उचलली गेली आणि सहा मुलांचा जीव गेला. मोठे आवरण वाऱ्यासाठी शिडासारखे असते. मुलांचे वजन त्याला धरून ठेवत नाही, जमिनीत पक्के रोवलेले खुंटच धरून ठेवतात.

म्हणून आम्ही ठरवले आहे

1. आनंदमेळ्यात रबरी फुगे शोभेसाठी असतील, बसण्यासाठी किंवा उड्या मारण्यासाठी नाहीत.
2. बसायचे असेल तर वजनमर्यादा छापलेला व्यायामाचा चेंडू, सतरंजीवर, एका वेळी एकच मूल, शिक्षक शेजारी उभे.
3. उड्या मारण्याची हवेची गादी शाळेच्या पटांगणात आणली जाणार नाही.
4. हायड्रोजन भरलेले फुगे आवारात येणार नाहीत. तो वायू ठिणगीने पेटतो.
5. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत. लहान मुलांच्या घशात ते अडकतात.

मुलांची मौज आम्हाला हिरावून घ्यायची नाही. मेळ्यात विज्ञान विभागाचा एक टेबल असेल. तेथे नऊ साधे फुगे जमिनीवर मांडून त्यांवर गुळगुळीत कडांची लाकडी फळी ठेवू. फळी 6 किलोची आणि विद्यार्थी 30 किलोचा, तर प्रत्येक फुग्याच्या वाट्याला चारच किलो येतात. शिक्षकांचा हात धरून विद्यार्थ्याने सावकाश फळीवर उभे राहायचे. फुगे फुटतील की टिकतील, याचा अंदाज प्रत्येकाने आधी कागदावर लिहून द्यावा, आणि त्याखाली कारणही लिहावे. गुण कारणाला मिळतील.