कुरुदला बारा जण हवेत

सकाळी 5:40. रात्रभर कोसळून पाऊस आत्ताच थांबलाय. मैदानात चिखल आहे, तरी वीस-पंचवीस पोरं पळतायत. 1600 मीटरचा सराव. कुणाला पोलिसात जायचंय, कुणाला अग्निवीर व्हायचंय. ताई स्कूटी कडेला लावून उभ्या. डिकीत 60 कोरे फॉर्म, दोन निळे पेन आणि अंगठ्यासाठी एक शाईचा पॅड.

हे कुरुद भिलाई महापालिकेतलं, कोहका-जामुलच्या शेजारचं. धमतरी जिल्ह्यातलं कुरुद वेगळं. इथे जुनी वस्ती आहे, तलाव आहे, आणि कारखान्यांच्या ठेकेदारांकडे राबणाऱ्यांची घरं आहेत. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी ताईंचे आजोबा तुमसरहून कामाला आले ते इथलेच झाले. ताई घरात मराठी बोलतात, रस्त्यावर छत्तीसगढी, कागदावर हिंदी. वस्तीत त्यांना सगळे ‘दीदी’ म्हणतात.

त्या एका लहानशा संस्थेत समन्वयक आहेत. पगार 14,000. पेट्रोलचे वेगळे 1,200, आणि ते वीस तारखेलाच संपतात. सोमवारपासून संध्याकाळचे सहा अभ्यासवर्ग सुरू करायचेत, पहिली ते पाचवीच्या मुलांचे. एका वर्गाला दोन तरुण स्वयंसेवक, म्हणजे बारा जण. आज शनिवार.

पळून आलेल्या पोरांना त्या लगेच गाठत नाहीत. दम खाऊ देतात. मग फॉर्म पुढे करतात. पहिला प्रश्न ठरलेला.

“कतका मिलही, दीदी?”

“पंधराशे. महिन्याचे सव्वीस दिवस, रोज दीड तास.”

एकजण मनात भागाकार करतो आणि हसतो. दिवसाला 58 रुपयेसुद्धा पडत नाहीत. तरी अकरा फॉर्म जातात.

“यातले तीन परत येतील,” ताई मला म्हणतात. “भरतीची तारीख लागली का तेही जातील. पण द्यायचेच. पळणारं पोरगं सकाळी उठते, एवढं तरी नक्की असते.”

सकाळी 7:10. टपरी. दोन चहा, 20 रुपये. वहीच्या मागच्या पानावर ताई लिहितात: झेरॉक्स 120, चहा 20. चहाचा खर्च संस्थेत मंजूर होत नाही. तरी लिहितात.

बाकावरचा एक तरुण फॉर्म उलटसुलट करून पाहतो. “हे मितान क्लबसारखं तर नाही ना?” राजीव युवा मितान क्लब 2021 मध्ये राज्य सरकारनं सुरू केले होते. एका क्लबला तीन महिन्यांनी 25,000, वर्षाला लाख. 2023 च्या डिसेंबरात सरकार बदललं आणि क्लबांचा कारभार थंडावला. तरुण त्यात होता. ताई सांगतात, इथे लाखबिख काही नाही, इथे फळा आणि सतरंजी आहे. तो फॉर्म घडी करून खिशात घालतो. भरेल का, सांगता येत नाही.

सकाळी 8:20. सुपेल्याकडे मजुरांची चावडी. रस्त्याच्या कडेला शे-दीडशे माणसं उभी. कुणाच्या हातात थापी, कुणाच्या घमेलं, बायकांच्या हातात डबे. आजचा भाव: रेजा म्हणजे बाई मजूर 400, कुली 450, मिस्त्री 750. नऊनंतर भाव उतरतो, साडेनऊला माणसं घरी परततात.

ताई इथे भरतीला येत नाहीत. एका मुलाला शोधायला आल्यात. गेल्या वर्षीचा त्यांचा सगळ्यात चांगला स्वयंसेवक. बारावी पास, वय 21. तो पावसाची प्लास्टिक पिशवी डोक्यावर घेऊन उभा असतो. ताईंना पाहून आधी पिशवी काढतो.

“सहाला सुटत नाही, दीदी. स्लॅबचं काम असलं तर आठ वाजतात.”

“अन् रविवार?”

“रविवारी येऊ शकतो. पैशाचं राहू द्या.”

“राहू कसं देऊ? चार रविवारचे लिहिते.” त्या वहीत त्याचं नाव घालून पुढे ‘रविवार’ लिहितात. तेवढ्यात एक ठेकेदार मोटारसायकल थांबवतो, तीन बोटं दाखवतो. पोरगा पिशवी पुन्हा डोक्यावर घेऊन धावतो. मिळालं काम.

सकाळी 11:00. उच्च माध्यमिक शाळा. अठरा वर्षांखालच्यांना संस्था मानधन देत नाही, त्यामुळे त्यांना वर्गावर घेता येत नाही. त्यांच्यासाठी ताईंकडे दुसरी गोष्ट आहे: ‘उल्लास’. केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, 2022 ते 2027. पंधरा वर्षांवरच्या असाक्षर माणसांना वाचायला, लिहायला, हिशेब करायला शिकवायचं. शिकवणारा स्वयंसेवक, बिनपैशाचा. शेवटी 150 गुणांची परीक्षा: वाचन 50, लेखन 50, गणित 50. छत्तीसगडनं त्याला एक जोड दिली. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यानं दहा जणांना साक्षर केलं तर बोर्डात दहा बोनस गुण.

वर्गशिक्षक पाच मिनिटं देतात. ताई चार मिनिटांत संपवतात. ‘समाजसेवा’ हा शब्द एकदाही उच्चारत नाहीत. ‘दहा गुण’ तीनदा म्हणतात. मागच्या बाकावरची मुलगी विचारते, “दादी चलेगी?”

“सही करता येते तिला?”

“अंगठा.”

“मग चालते. अजून नऊ शोध.”

वर्ग हसतो. मुलगी हसत नाही, बोटांवर मोजायला लागते: दादी, मोठी काकू, समोरची, तिची सासू. सात जणी तिथेच झाल्या. मला हे गुणांचं आमिष वाचताना खटकलं होतं. तिची बोटं बघून खटकेनासं झालं. दादीला शिकवायला कुणी तरी बसणं महत्त्वाचं, कशासाठी बसलं ते नंतर पाहू.

दुपारी 12:50. चॉइस सेंटर. फॉर्म भरून दिलेल्या चौघी बाहेर उभ्या. आधार, पासबुक, दहावीची गुणपत्रिका, दोन फोटो. झेरॉक्स पानाला 2, फोटो आठ प्रतींचे 50, खात्याचं केवायसी करायला 30. स्वयंसेवक व्हायला प्रत्येकीचे साधारण 90 रुपये गेले. एकीचं नाव आधारवर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं. ते दुरुस्त होईपर्यंत मानधन अडकणार. ताई तिला तिथल्या तिथे सांगून टाकतात. “नंतर कळलं तर पोरगी वर्ग सोडते,” त्या मला म्हणतात. “आधी सांगितलं तर थांबते.”

जेवण स्कूटीवरच. भात, आंब्याचं लोणचं, कांदा. दहा मिनिटं.

दुपारी 2:00. सामुदायिक भवन. झाडायचे 50 रुपये एका बाईला दिले. पंखा आहे, वीज नाही. सतरा उमेदवार आलेत, बारा मुली, पाच मुलगे. ताई सुरुवातीलाच सांगतात: मानधन दीड हजार, जाण्यायेण्याचे पैसे नाहीत, पहिले पैसे सप्टेंबरात. चौघं उठून जातात. ताई त्यांना थांबवत नाहीत, उलट ‘सांगितलं ते बरं केलं’ म्हणतात. तेरा उरतात.

मुलाखतीत प्रश्न नसतात. तिसरीतली एक मुलगी बोलावून आणलीय, तिच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा. समोर एक पान: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण 2005 पासून असंच पान घेऊन खेड्यापाड्यांत फिरतं, आणि तेही ठिकठिकाणचे स्वयंसेवकच करतात. उमेदवारानं या पोरीचं वाचन तपासायचं. बस, एवढंच. ताई भिंतीला टेकून बघत राहतात.

पहिला बीएस्सी झालेला. शर्ट इस्त्रीचा. तो उभ्यानंच पान पोरीपुढे धरतो. ती अडखळते. “इतना भी नहीं आता?” ताई वहीत काहीच लिहीत नाहीत. त्याला ते कळतं.

दुसरी एकोणीस वर्षांची, दहावी पास. शिवणकाम करते, बोटांना सुईच्या खुणा. ती आधी खाली बसते. तळहातानं बाकीच्या ओळी झाकते, एकच शब्द उघडा ठेवते. पोरगी वाचत नाही. ही थांबते. खूप वेळ थांबते, मलाच घाई व्हायला लागली. मग पोरगी वाचते. हात एक शब्द पुढे सरकतो. ताई वहीत खूण करतात.

एक मुलगा विचारतो, त्याच्या मामेभावाला सरकारी युवा स्वयंसेवक म्हणून 5,000 मिळतात, इथे दीडच हजार का? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय युवा स्वयंसेवक म्हणून 18 ते 29 वयाची, किमान दहावी पास मुलं केंद्र सरकार घेतं. पण एका विकासखंडाला दोन. “तिथे जागा निघाली का मीच तुला फॉर्म देईन,” ताई म्हणतात. “तोवर इथे करतो का?” करतो म्हणतो. पान बरं तपासतो. खूण.

चोवीस वर्षांची एक बाई कडेवर बाळ घेऊन आलीय. राज्य सरकारच्या महतारी वंदन योजनेचे महिन्याला 1,000 तिच्या खात्यात येतात. हे 1,500 धरून अडीच हजार होतील, ती स्वतःच हिशेब सांगते. बाळ वर्गात आणलं तर चालेल का? ताई बाळाकडे बघतात. “रडते का?” “भुकेलं असलं तर.” खूण.

साडेचारला तेरातल्या अकरांना होकार. अजून काही पक्कं नाही. अकरात आठ मुली आहेत, आणि मुलींचा होकार घरून यायचा असतो. पाच जणींच्या घरच्यांनी फॉर्मवर आधीच सह्या दिल्यात. तीन घरं बाकी.

संध्याकाळी 5:20. पहिलं घर. वडील पहाटेच्या पाळीहून दुपारी आलेले, झोपून नुकते उठलेले. कंपनीचा निळा शर्ट दोरीवर. ते विचारतात: वर्गात मुलगे कोण? साडेसातला पोरीला घरी कोण सोडणार? कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा महिनाभर बंद आहे, ते माहीत आहे का?

ताई वाद घालत नाहीत. “वर्ग तुमच्याच गल्लीत ठेवते. शिवणकामवाली तिच्यासोबत राहील, दोघी बरोबर निघतील.” ते थोडा वेळ गप्प. मग हात पुढे करतात. शाईचा पॅड निघतो. अंगठा उमटतो. बाप अंगठा लावतो आणि लेक शिकवायला जाणार. ताई याच्यावर काही बोलत नाहीत, त्यांनी असे फार अंगठे घेतलेत. मुलगी मात्र बापाचा अंगठा कपड्यानं पुसता पुसता म्हणते, “आता तुमचाच पहिला नंबर.”

दुसरं घर. भाऊ दारातच उभा. “नहीं जाएगी.” कारण विचारलं तर तेच परत. मुलगी आत दिसते, बाहेर येत नाही. दोन मिनिटांत आम्ही रस्त्यावर.

तिसरं घर. आई म्हणते, नाही म्हणत नाही, पण आत्ता रोप्याचे दिवस. मायलेकी शेजारच्या गावात धान लावायला जातात, एकीला 300 रोज. हरेलीचा सण आठ दिवसांवर आलाय, लावणी त्याच्यापुढेही आठ-दहा दिवस चालेल. ताई लिहितात: ‘15 ऑगस्टनंतर’. अकरातले नऊ उरले.

संध्याकाळी 7:10. मितानीनबाईंच्या ओसरीवर. छत्तीसगडनं 2002 मध्ये मितानीन सुरू केल्या, वस्तीवस्तीतून निवडलेल्या आरोग्य स्वयंसेविका. देशात ‘आशा’ आल्या त्यानंतर तीन वर्षांनी. वस्तीत कुणाच्या घरी काय चाललंय ते या बाईंना ठाऊक असतं, म्हणून ताई यादी त्यांना वाचून दाखवतात. बाई डोळे मिटून ऐकतात. एका नावावर थांबवतात: त्याचं लग्न ठरतंय, मन लागणार नाही. ताई नावापुढे प्रश्नचिन्ह घालतात, पण खोडत नाहीत.

मी विचारतो, कोण टिकेल? बाई लगेच सांगतात, “जेन मन पइसा पूछथें, उही मन टिकथें.” पैसे किती हे विचारणारेच टिकतात. न विचारणारे आठ दिवस उत्साहानं येतात, मग दिसत नाहीत. ताई मान डोलावतात. सतराजणांतून उठून गेलेल्या चौघांपैकी एकानंही आकडा विचारला नव्हता, हे त्यांनी वहीत टिपून ठेवलंय.

रात्री 9:20. ताईंचं घर. एका हातानं भाकरी उलटतायत, दुसऱ्या हातात मोबाईल. नऊ जणांचा व्हॉट्सॲप गट तयार झाला. पहिला निरोप: सोमवार, संध्याकाळी 6, खडू मी आणते. लगेच पाच अंगठे येतात. एक प्रश्न येतो: सतरंजी कुणाची? ताई स्वतःच्या घरातली लिहून टाकतात.

वहीचं मागचं पान भरलंय: झेरॉक्स 120, चहा 20, झाडणावळ 50, बिस्किटं 5, पेट्रोल 100. एकूण 295. यातले चहाचे वीस त्यांचे.

सहा वर्गांना नऊ जण. तीन वर्गांवर दोघं, तीनवर एकेकच. चावडीवरचा मुलगा रविवारी. ऑगस्टचं मानधन 10 सप्टेंबरला खात्यात पडेल. तोवर ज्याचा रिक्षाखर्च त्याचाच.