चाक घासलं? आधी खाली उतरून बघा!

खर्रर्र!

हा आवाज ज्यानं एकदा ऐकलाय, तो विसरत नाही. बाबांची गाडी, खिशात नवं कोरं लायसन्स, मागच्या सीटवर मित्रमंडळी आणि लक्ष्मी रोडवर नशिबानं मिळालेली एवढुशी जागा. रिव्हर्स घेताना डावं मागचं चाक फुटपाथच्या दगडी कडेला घासलं. खाली उतरून बघता तर चकचकीत मॅग व्हीलच्या कडेला वीतभर ओरखडा!

मग काय करता? थुंकी लावून बोटानं पुसता. जात नाही. घरी जाऊन गाडी अशी लावता, की ते चाक भिंतीकडे जाईल. आणि मग ‘बाबांना कधी दिसतंय’ या टेन्शनमध्ये दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

तर दोस्तहो, टेन्शन घ्या, पण योग्य गोष्टीचं घ्या. ओरखडा दुरुस्त होतो. त्याच्या आडून जे लपलेलं असू शकतं, ते मात्र बघायलाच हवं.

आधी चाक तपासा

आपण ज्याला ‘मॅग’ म्हणतो ते नाव मॅग्नेशियमवरून आलं. आज आपल्या गाड्यांना असतात ती बहुतेक सगळी चाकं अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. बुगाटीनं 1924 मध्ये आपल्या ‘टाइप 35’ रेसिंग कारला अशी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं लावली होती. चाक दिसायला छान, पण एक लक्षात ठेवा. लोखंडी डिस्क मार लागला की बहुधा वाकते. अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव चाक मात्र जोरात आपटलं तर तडकू शकतं.

म्हणून चाक स्वच्छ धुवा आणि उजेडात बघा. कडेला किंवा आऱ्यांवर केसासारखी बारीक रेघ दिसतेय का? टायरच्या बाजूला फुगवटा आलाय का? फुगवटा म्हणजे टायरच्या आतले धागे तुटले, तो टायर बदलायचाच. टायर आणि रिम जिथं भेटतात तिथं साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर हवा जातेय. गाडी चालवताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर रिम वाकली असेल किंवा बॅलन्सिंग बिघडलं असेल.

यातलं काहीही आढळलं तर घरगुती दुरुस्ती विसरा, चाक जाणकाराला दाखवा. स्टेपनी लावूनच जा. तडा गेलेलं चाक ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणारेही भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचा धातू कमजोर होतो, आणि एक्स्प्रेस वेवर त्याची परीक्षा तुमच्या जिवावर होते.

नुसताच ओरखडा असेल तर...

...मग एका रविवारचं काम आहे. पण आधी चाक कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. पुढचा भाग धातूसारखा चमकतोय आणि त्यावर जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेषा दिसतायत? ते ‘डायमंड कट’. ते लेथवरच होतं, आणि दरवेळी थोडा धातू कापला जात असल्यामुळे पुन्हा पुन्हा करता येत नाही. घरी त्याच्या नादी लागू नका. साधं रंगवलेलं, सिल्व्हर किंवा काळं चाक असेल तर बाह्या सरसावा.

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, समोरच्या चाकाला वीट लावा. नट आधी जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावून चाक काढा. जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. चाक काढलं की त्या जागी स्टेपनी लावून गाडी खाली उतरवा.

चाक साबणानं धुवा, वाळवा, थिनरच्या फडक्यानं तेलकटपणा काढा. टायर आणि रिमच्या फटीत जुने पत्ते खोचत जा, म्हणजे रंग टायरवर जात नाही. उरलेल्या भागाला मास्किंग टेप. आता पॉलिश पेपर. आधी 240 नंबरनं उंचवटे घासा, मग 400. खोल खड्डे असतील तर हार्डनर मिसळून पुट्टी भरा, वाळली की घासून कडेशी एकसारखी करा. शेवटचा हात 800 नंबरच्या वॉटर पेपरनं, पाणी मारत. डोळे मिटून बोट फिरवा, डोळ्याला न दिसणारा खड्डा बोटाला लागतो.

मग अ‍ॅल्युमिनियमवर बसणारा प्रायमर, त्यावर रंग, शेवटी क्लिअर कोट. एकदाच जाड फवारा मारलात तर ओघळ येणार. वीतभर अंतरावरून पातळ थर द्या, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, मग पुढचा. तोंडाला मास्क हवाच. हे काम भर पावसाळ्यात करू नका, दमट हवेत क्लिअर कोट पांढुरका पडतो. आणि नट जिथं बसतात तिथं, तसंच चाकाच्या मागच्या टेकणाऱ्या भागावर रंग नको. तिथल्या रंगाच्या थरामुळे पुढे नट सैल पडू शकतात.

एक दिवस वाळू द्या. चाक लावताना नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळा, आणि पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासा.

‘राहू दे की ओरखडा’ असंही वाटेल. पण क्लिअर कोट गेला की उघड्या धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि ती रंगाच्या खाली सरकत जाते. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत तर लवकरच.

पुन्हा घासू नये म्हणून

पार्किंग करताना डावा आरसा थोडा खाली वळवा, मागचं चाक आणि फुटपाथची कड दोन्ही दिसतात. हवा बरोबर ठेवा. हवा कमी असली की टायर दबतो आणि रिम दगडाच्या आणखी जवळ जाते.

आणि हो, बाबांना सांगा. रंगवून झाल्यावर नको, आधीच. कारण उद्या तीच गाडी घेऊन ते आईला गावी नेणार असतील, तर चाक आपटलंय हे त्यांना माहीत असायला हवं. दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. पण ‘घासलं, तपासलं, आता रविवारी दुरुस्त करतो’ असं सांगणाऱ्याच्या हातात किल्ली परत द्यायला बाप फार दिवस लावत नाही.