जुन्या डिस्कमधून नवी डिस्क : जिगडो आणि नागसेनाचा रथ

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस संगणकावर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. आम्हाला बोलायचं आहे ते ‘तीच वस्तू’ या दोन शब्दांबद्दल. उदाहरण तेवढं संगणकाचं घेतो.

डेबियन ही विनामूल्य मिळणारी संगणकप्रणाली. ती डीव्हीडीच्या प्रतिमेच्या रूपात उतरवून घेता येते. प्रतिमा म्हणजे अख्खी डिस्क, बिटागणिक, एकाच फाइलमध्ये. सुमारे चार जीबी. इथे कवठे महांकाळात रोज दीड जीबीचा रिचार्ज मारणाऱ्या मुलाला त्यात तीन दिवस जातात. काही महिन्यांनी सुधारित आवृत्ती आली, की पुन्हा तेच. वास्तविक आतल्या हजारो पॅकेजांपैकी बदललेली असतात थोडीच.

घरात आपण काय करतो? किराण्याची यादी झाली की आधी डबे उघडून बघतो, नसेल तेवढंच आणतो. रिचर्ड ॲटरर यांचं जिगडो हे साधन नेमकं हेच करतं. डेबियन ३.० च्या, म्हणजे २००२ च्या सुमारास ते वापरात आलं. त्याला दोन फाइली लागतात. एकीत प्रत्येक पॅकेजचा ठसा आणि ते कुठल्या सर्व्हरवर मिळेल याचा पत्ता. दुसरी म्हणजे साचा: कुठल्या जागी कोणतं पॅकेज बसवायचं याचा क्रम, शिवाय डिस्कचा जो भाग कुठल्याच पॅकेजात नसतो तो. जिगडो तुमची जुनी डिस्क चाळतं, ठसे जुळतील ती पॅकेजं उचलतं, उरलेली मागवतं आणि साच्यात बसवतं.

ठसा म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं काढलेला आकडा. एक बिट बदलला तरी तो वेगळा येतो. त्यामुळे गंमत बघा, नाव तेच पण मजकूर बदललेला असेल, तर फाइल नाकारली जाते. नाव बदललेलं पण मजकूर तोच, तर ती चालते. नामाला किंमत नाही, रूपाला आहे!

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतात, रथ म्हणजे चाक का? आस का? की सगळ्यांचा ढीग? यांपैकी काहीच नाही. आमच्या मते जिगडोतला साचा म्हणजे त्या ढिगाचा रथ करणारी रचना. पॅकेजं जर्मनीच्या सर्व्हरवरून येवोत की तुमच्या कपाटातल्या डिस्कवरून, तयार होणारी प्रतिमा तीच.

पण ‘तीच’ म्हणजे कोणासारखी? यादीत लिहिलंय तशी. यादीच कोणी बदलली असेल, तर जिगडो बनावट वस्तूही तितक्याच चोख बांधून देईल. ठसे काढण्याच्या एमडी५ या जुन्या पद्धतीत दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा पाडता येतो, हे २००४ मध्ये उघड झालं. म्हणून आता एसएचए-२५६ वापरतात. तरी यादी खरी कशावरून, हा प्रश्न राहतोच. नैयायिक म्हणतील, इथे आप्तवाक्य हवं. डेबियनवाले ठशांच्या यादीवर डिजिटल सही करतात, ती यासाठीच. ती सही तपासायची पायरी बहुतेक जण गाळतात. प्रतिमा तयार झाल्यावर, डिस्क लिहिण्याआधी, ती तपासायची असते.