दारू सुटल्यावर घरात कुत्रा आणावा का?

दारू सोडलेल्या माणसाला दिवस ढकलता येतो, संध्याकाळ अंगावर येते. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात सहानंतर जालना रोड तुंबतो, माणसं कामावरून सुटतात आणि वर्षानुवर्षं ज्यांची पावलं याच वेळी बारकडे वळली, त्यांना ती वेळ घड्याळ न पाहताही कळते. त्यात हे शहर मद्यनिर्मितीचं मोठं केंद्र. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला होता, यावरून या धंद्याचा पसारा लक्षात यावा. अशा संध्याकाळी घरात कुणीतरी वाट पाहत असेल, शेपटी हलवत असेल, तर फरक पडतो का? पडतो. पण केव्हा आणि किती, हे समजून घेतलेलं बरं.

आधी डॉक्टर

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर पहिल्या काही दिवसांत हात थरथरतात, झोप उडते. काहींना फेफरं येतं, भास होतात. हे जिवावर बेतू शकतं. या टप्प्यावर कुत्रा-मांजर काही कामाचं नाही. इथल्या घाटी रुग्णालयाचा मनोविकार विभाग किंवा एखादं व्यसनमुक्ती केंद्र गाठायचं. अशा केंद्रांपैकी पुण्याचं ‘मुक्तांगण’ डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून १९८६ साली सुरू केलं. तिथला मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचा असतो. खरी कसोटी लागते छत्तिसाव्या दिवशी. केंद्रात सोबत असते, वेळापत्रक असतं. घरी आल्यावर दोन्ही एकदम जातं. प्राण्याचा उपयोग सुरू होतो तो या रिकाम्या जागेत.

प्राणी नेमकं काय करतो

पहिली गोष्ट म्हणजे तो वेळ पाळायला लावतो. सात वाजता फिरायला न्यायचं म्हणजे न्यायचंच. खेड्यातल्या माणसाला हे नवीन नाही. म्हैस दोन वेळा धार मागते, मालकाची मनःस्थिती विचारत नाही. शहरात ते काम गळ्यात पट्टा बांधलेला कुत्रा करतो आणि तेही नेमक्या त्या धोक्याच्या तासाला.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लाळेत कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, इतरांपेक्षा कमी आढळलं. हे विद्यार्थी होते, व्यसनी नव्हते, म्हणून फार ताणून अर्थ काढू नये. व्यसनमुक्तीच्या गटोपचारात कुत्रा आणून पाहिल्याचे अभ्यासही झाले आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अमेरिकी अभ्यासात, कुत्रा असलेल्या गटातल्या रुग्णांचं उपचारकाशी नातं अधिक चांगलं जुळल्याचं दिसलं. रुग्ण उपचारकाला आपला मानू लागला की तो पुढच्या बैठकीला येतो, ही लहान बाब नाही. पण कुत्र्यामुळे दारू सुटली, असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती मोजणं कठीण आहे. घरच्यांनी खूप सोसलेलं असतं. मनात नसतानाही ते खिसे चाचपतात, उशीर झाला की तोंडाचा वास घेतात. कुत्राही वास घेतो, पण पंचनामा करत नाही. मागच्या दिवाळीला काय तमाशा झाला, हे तो काढत नाही. शरमेने पुन्हा बाटलीकडे जाणारी माणसं कमी नाहीत. अशांना घरात एक तरी जीव न रागावलेला सापडणं मोठं असतं.

घाई नको

पाश्चात्त्य देशांतल्या व्यसनमुक्ती गटांत एक सल्ला चालत आलेला आहे: आधी कुंडीतलं रोप जगवा, मग प्राणी पाळा, नव्या नात्याचा विचार त्यानंतर. ऐकायला गंमत वाटते, पण क्रम शहाणपणाचा आहे. केंद्रातून आल्याच्या आठवड्यात पिल्लू आणू नये. पिल्लू रात्रभर रडतं, चपला कुरतडतं, आणि जागरण व चिडचिड ही तर पुन्हा पिण्याची नेहमीची निमित्तं. त्यापेक्षा मोठा, शांत स्वभावाचा देशी कुत्रा बरा. क्रांती चौकाच्या आसपास फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने गर्दी, हॉर्न आणि जिना यांचा विचार करावा. कित्येकांना मांजरच सोयीचं. पिंजऱ्यातला पोपट मात्र नको. आपल्याकडचे पोपट आणि कासवं पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे अजूनही अनेकांच्या गावी नसतं.

खर्चाचं आधीच बोलून घ्यावं. कर्ज झालेल्या घरात कुत्र्याचं खाणं, दरवर्षीची रेबीजची लस आणि नसबंदी हा नवा ताण होऊ शकतो. बायकोला विचारल्याशिवाय तर आणूच नये. एका माणसाला सांभाळून ती आधीच थकलेली असते. पंधरा दिवसांनी कुत्र्याची जबाबदारीही तिच्याच अंगावर पडली, तर घरात आणखी एक भांडण वाढतं. स्वतःचा प्राणी झेपणार नसेल तर शेजाऱ्याचा कुत्रा रोज फिरवून आणावा, किंवा गल्लीतल्या नसबंदी झालेल्या कुत्र्याला ठरल्या वेळी खाऊ घालावं. वेळ बांधून घेण्याचं काम तेवढ्यानेही होतं.

पाय घसरला तर

व्यसनात पुन्हा घसरण होते, हे धरून चालावं. त्या काळात कुत्रा उपाशी राहतो, मार खातो, कधी कुणी गमतीने त्याला दारू चाटवतो. कुत्र्याला थोडीही दारू विषासारखी बाधू शकते. गुटखा, तंबाखू, गांजाही तसाच. उलट टोकाची अडचणही असते. ‘मी भरती झालो तर याला कोण बघणार?’ म्हणून उपचार टाळणारी माणसं असतात. म्हणून प्राणी आणतानाच भाऊ, मित्र किंवा शेजारी यांपैकी एकाला पक्कं सांगून ठेवावं आणि प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर, लशीचं कार्ड त्याच्याकडे द्यावं. माणसासाठीचा नंबर वेगळा: १४४४६, केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन. तो फ्रिजवर, कुत्र्याच्या लशीच्या तारखेशेजारीच लिहून ठेवावा.